खंजिरी भजनाचं रेकॉर्डिंग आणि ऑडॅसिटी: वापरून पाहिलेल्याचं मत

काकड्याचं, पुण्यतिथीचं, भजन स्पर्धेचं रेकॉर्डिंग ज्यांच्याकडे आहे आणि ऐकवत नाही म्हणून नुसतं पडून आहे, त्यांनी ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर जरूर टाकून घ्यावं. फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवर चालतं, आणि आपल्या कामाला पुरून उरतं. मात्र त्याच्या हाती सगळं सोपवून आपण बाजूला होऊ नये. आवाजाची सफाई करायला गेलं की सगळ्यात आधी खंजिरी मरते. ती कशी वाचवायची हे मला कुठल्या व्हिडिओत सापडलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी तिवसा तालुक्यातला. वीज खात्यात लाईनमन म्हणून नोकरी झाली, आता रिटायर आहे आणि मंडळात पेटी वाजवतो. आमच्याकडे गाव तिथे भजन मंडळ. गुरुकुंज मोझरी हाकेच्या अंतरावर. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरी हाती घेऊन गावोगाव जे म्हटलं, ते आजही त्याच ठेक्यात म्हटलं जातं. म्हणणारी जुनी माणसं मात्र दरवर्षी कमी होत चालली आहेत. त्यांचे आवाज नीट जपले जावेत एवढ्यासाठी मी हे शिकलो. भाच्याने सॉफ्टवेअर टाकून दिलं, पुढचं कानाने.

सॉफ्टवेअरची ओळख थोडक्यात. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग या दोघांनी १९९९ मध्ये ते करायला घेतलं आणि २००० मध्ये लोकांसाठी खुलं केलं. २०२१ पासून ते म्यूज ग्रुप या कंपनीकडे आहे, पण अजूनही फुकट आहे आणि त्याचा मूळ कोड कुणालाही पाहता येतो. उतरवून घ्यायचं तर ऑडॅसिटीटीम डॉट ऑर्ग या त्यांच्या स्वतःच्या साईटवरूनच. नावात थोडा फरक केलेल्या भलत्या साईटवरून घेतलं तर सोबत काय काय येऊन बसेल याचा नेम नाही. भाषेच्या यादीत मराठीही आहे. मी मेनू इंग्रजीच ठेवला, कारण शिकवणारे सगळे व्हिडिओ इंग्रजी बटणांची नावं घेतात आणि मग जुळवताना गोंधळ होतो.

आता आमचं रेकॉर्डिंग म्हणजे काय असतं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. हनुमान मंदिरासमोर मंडप, खाली सतरंज्या, एका बाजूला जनरेटर, दोन कर्णे, चार माईक. दोन बुवांसमोर, एक पेटीला, एक तबल्याला. खंजिरीला माईक नसतो. ती बुवांच्या हातात असते आणि बुवांच्याच माईकमध्ये जेवढी येईल तेवढी येते. झील धरणारे, म्हणजे बुवांची ओळ मागून उचलून म्हणणारे, मागे बसतात. हॅलोजनवर किडे, मंडपाच्या कापडात वारा, पोरं खेळताहेत, मधूनच कुणी ट्रॅक्टर सुरू करतं. यातलं काय ठेवायचं आणि काय काढायचं हे ठरवणं म्हणजेच सफाई. बटणं दाबायचं काम त्यानंतरचं.

पहिली गोष्ट गुंजारव. रेकॉर्डिंगभर एक ‘गूंऽऽ’ सुरू असतो, त्याला साउंडवाले हम्म म्हणतात. हे माझ्या नोकरीतलंच काम. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून तो आवाज ५० वर असतो आणि त्याच्या पटीत १०० वर, १५० वर. नुसता ५० चा गुंजारव बहुतेक वेळा खराब अर्थिंगमुळे येतो. मिक्सर एका बोर्डावर आणि अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या बोर्डावर लावला की तो हमखास येतो. १०० चा जाडसर खर्र आवाज आला तर सप्लायमधला कंडेन्सर थकला असं समजावं. काही साउंडवाले गुंजारव घालवायला प्लगची अर्थ पिन तोडून टाकतात. कृपा करून असं करू नका. माईक हातात धरणारा माणूस ओल्या जमिनीवर अनवाणी बसलेला असतो. गुंजारव नंतर काढता येतो, गेलेला माणूस परत येत नाही.

ऑडॅसिटीत यासाठी नॉच फिल्टर आहे, सांगितलेल्या आकड्याभोवतीचा तेवढाच आवाज तो कापतो. उघडला की त्यात ६० हर्ट्झ हा आकडा आधीच भरलेला दिसतो, कारण अमेरिकेची वीज ६० ची. तो खोडून ५० करायचा. खाली क्यू नावाचा दुसरा आकडा असतो. तो जितका मोठा, तितकी काप अरुंद. ५० वर मी क्यू ५ ठेवतो, म्हणजे साधारण ४५ ते ५५ पर्यंतचा पट्टा दबतो. तिथे कुणी गात नाही, म्हणून बिनधास्त कापावं.

१५० ला मात्र फार जपावं लागतं. आमचे बुवा काळी एकमध्ये गातात, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हा त्यांचा सा. त्यांचा सा येतो १३८-१३९ हर्ट्झच्या आसपास, कोमल रे १४७ च्या जवळ, शुद्ध रे १५५-१५६ वर. १५० हा आकडा बरोबर या दोन रिषभांच्या मध्ये पडतो. रुंद काप मारली तर दोन्ही रिषभ पातळ होतात. पेटीचे खर्जाचे सूर पोकळ वाटायला लागतात आणि बुवांचा गळा बसल्यासारखा ऐकू येतो. क्यू ३० ठेवला की काप जेमतेम ५ हर्ट्झची होते, १४७.५ ते १५२.५. मग ती दोन सुरांच्या मधल्या फटीत बसते. तुमचे बुवा काळी दोन किंवा पांढरी चारमध्ये गात असतील तर हा हिशेब तुमच्या पट्टीने करा. पेटीवाल्याला हे पाच मिनिटांचं काम आहे, आणि मला वाटतं सफाई करणाऱ्या प्रत्येकाने पेटीवाल्याला शेजारी घेऊन बसावं.

जनरेटरवरचा कार्यक्रम असेल तर गणित बदलतं. ग्रीडची वीज ५० च्या अगदी आसपास टिकते, ४९.९० ते ५०.०५ हा तिचा ठरवून दिलेला पट्टा आहे. भाड्याच्या जनरेटरला असं बंधन नाही. हॅलोजन लावले की तो दबतो, बंद केले की पळतो. ५० चा ४९ झाला की १५० चा १४७ होतो, म्हणजे थेट कोमल रिषभावर येऊन बसतो. अशा रेकॉर्डिंगमध्ये मी ५० आणि १०० कापतो आणि १५० ला हातच लावत नाही. थोडा गुंजारव राहिला तर राहू द्यावा, सूर जाता कामा नये.

आता नॉइज रिडक्शन. ऑडॅसिटीचं नाव निघालं की लोक याच बटणाबद्दल बोलतात, आणि सगळ्यात जास्त नासाडीही याच बटणाने होते. पद्धत सोपी आहे. गाणं नाही, बोलणं नाही, फक्त भोवतालचा आवाज आहे असा एक-दोन सेकंदांचा तुकडा निवडायचा आणि ‘गेट नॉइज प्रोफाइल’ दाबायचं. सॉफ्टवेअर तो नमुना लक्षात ठेवतं. मग सगळं रेकॉर्डिंग निवडून तीच खिडकी पुन्हा उघडायची आणि किती दाबायचं ते सांगायचं. आत होतं असं की आवाजाचे शेकडो बारीक पट्टे पाडले जातात आणि ज्या पट्ट्यात, ज्या क्षणी आवाज नमुन्याच्या पातळीइतकाच आहे, तो पट्टा तेवढ्यापुरता खाली ओढला जातो.

खंजिरीचं घोडं इथेच अडतं. लाकडी कडं, त्यावर ताणलेलं कातडं आणि कड्यात बसवलेल्या पितळी चकत्या. थाप पडते तो आवाज मोठा असतो, त्याला धक्का लागत नाही. थापेनंतर चकत्यांची झिणझिण मात्र हळूहळू विरत जाते आणि विरता विरता रेकॉर्डिंगमधल्या ‘सूं’ आवाजाच्या पातळीला येते. सॉफ्टवेअरला ती शेपूट आणि तो ‘सूं’ सारखेच. ते दोन्ही उचलतं. उरतो नुसता टप्प टप्प आवाज. वर कुठे कुठे पाण्यात बुडबुडे आल्यासारखं ऐकू येतं, ते अर्धवट कापलेल्या झिणझिणीचे तुकडे असतात. आमच्याकडे ज्वारी उफणताना वारा जास्त झाला तर भुशासोबत हलका दाणाही उडून जातो, तसंच हे होतं. आणि चकत्यांशिवाय खंजिरी भजनाचा ठेका चालत नाही. दोन थापांच्या मधली जागा त्या झिणझिणीनेच भरलेली असते, तिच्यावरच झील धरणारे उचल घेतात.

याला उपाय सॉफ्टवेअरमध्येच आहे, पण त्याकडे फार जण पाहत नाहीत. नॉइज रिडक्शनच्या खिडकीत खाली ‘रेसिड्यू’ असा एक पर्याय असतो. तो निवडून प्रिव्ह्यू दाबला की जे फेकलं जाणार आहे तेवढंच ऐकू येतं. हेडफोन लावून ते ऐकायचं. त्यात चकत्या वाजत असतील तर आपण भजन फेकून राहिलो. मग सेन्सिटिव्हिटी खाली आणायची. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये ती ६ वर असताना फेकलेल्या मालात झिणझिण स्पष्ट ऐकू येते. ४ वर आणली की नुसता ‘सूं’ राहतो आणि क्वचित एखादा ‘स’कार. किती दाबायचं तो आकडा मी ६ डेसिबलवर ठेवतो. ६ डेसिबल म्हणजे तो आवाज निम्मा होतो, पार नाहीसा होत नाही. निम्मा झाला की कान त्याची दखल घेत नाही, बाकीचं भजन झाकतं. फ्रिक्वेन्सी स्मूदिंग, म्हणजे शेजारशेजारचे पट्टे एकमेकांत किती मिसळायचे तो आकडा, ६. हे आकडे माझ्या रेकॉर्डरचे, माझ्या गावचे. तुमचे आकडे रेसिड्यू ऐकूनच ठरतील.

नमुना कुठून घ्यायचा हेही महत्त्वाचं. पुण्यतिथीच्या कार्यक्रमात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली असते. ११ ऑक्टोबर १९६८ ला महाराज गेले तीच ती वेळ. सगळा मंडप गप्प होतो. एवढा लांब आणि इतका स्वच्छ नमुना दुसरीकडे मिळत नाही. मी त्यातला एक तुकडा निवडून नमुना घेतो आणि ते मौन रेकॉर्डिंगमध्ये जसंच्या तसं ठेवतो, त्यावर कुठलाही इफेक्ट चालवत नाही. एवढी माणसं एकाच वेळी शांत बसली की त्या शांततेलाही एक आवाज असतो आणि तो ऐकण्यासारखा आहे. पण दुपारचा नमुना रात्रीच्या भजनाला चालत नाही. रात्री जनरेटर असतो, रातकिडे असतात, मंडपाचे पंखे बंद झालेले असतात. रात्रीचा नमुना रात्रीचाच घ्यावा: पेटी सुरू होण्याआधी, माईक चालू असताना, कुणी खाकरायच्या आत. मी आता मंडळाला सांगूनच ठेवलंय की सुरुवातीला पाच सेकंद सगळ्यांनी स्वस्थ बसायचं. बसतात बिचारे.

रातकिड्यांसाठी नॉइज रिडक्शन वापरू नका. त्यांचा आवाज सारखा बदलतो, मग नमुना लागू पडत नाही. ट्रॅकच्या नावावर टिचकी मारून स्पेक्ट्रोग्राम दृश्य लावा. आवाज रेघेऐवजी रंगांत दिसतो, खाली खर्ज, वर तार. रातकिडे त्यात एका आडव्या पट्ट्यासारखे दिसतात, माझ्या रेकॉर्डिंगमध्ये ४ ते ६ हजार हर्ट्झच्या दरम्यान. इक्वलायझरने तो पट्टा ३-४ डेसिबल खाली घेतला की पुरे. पार घालवू नये. दिवाळीच्या आगेमागे आमच्याकडे रात्री किडे ओरडतातच. ते नसले तर भजन बंद खोलीत म्हटल्यासारखं वाटतं.

माईकची शिट्टी मात्र याच दृश्यात फार छान निघते. कर्ण्यातून आलेला आवाज परत माईकमध्ये शिरला की ‘कुंईऽऽ’ होतं. स्पेक्ट्रोग्राममध्ये ती एखाद्या तारेसारखी चमकदार सरळ रेघ दिसते. त्या रेघेभोवती माउसने छोटा चौकोन ओढायचा आणि स्पेक्ट्रल एडिट मल्टी टूल चालवायचं. तेवढीच रेघ जाते, खालचा बुवांचा आवाज आणि वरची खंजिरी जागच्या जागी राहते. या एका सोयीसाठी मी ऑडॅसिटीला पैकीच्या पैकी गुण देईन. एका अभंगात बुवांनी तान घेतली तेव्हाच शिट्टी वाजली होती, ती तान आता स्वच्छ ऐकू येते.

वारा आणि माईकची धडधड घालवायला हाय-पास फिल्टर, तो दिलेल्या आकड्याच्या खालचा आवाज कापतो. ७० हर्ट्झच्या वर नेऊ नका, डग्ग्याचा घुमारा जातो. तबलजी आधी रागावतात आणि त्यांचं बरोबरच असतं.

आता जे ऑडॅसिटीने होत नाही ते. पहिलं, इको. आमच्या भागातल्या साउंडवाल्यांना इकोचं फार वेड. बुवांनी ‘गुरुदेव’ म्हटलं की ‘देव देव देव’ करत आवाज शेतापर्यंत जातो. एकदा इको रेकॉर्डिंगमध्ये शिरला की या सॉफ्टवेअरने तो निघत नाही. महागड्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे आयझोटोपच्या आरएक्समध्ये, घुमारा कमी करायची सोय आहे. भाच्याच्या मित्राकडे ऐकलं, इको थोडा कमी होतो पण आवाज कोरडा पडतो. मी साउंडवाल्या पोराला कार्यक्रमाच्या आधीच गाठतो.

“बाबू, आज इको बंद ठेव ना.”

“काकाजी, इको नसला तं लोक म्हणतात आवाजच नाही येऊन राह्यला.”

“कर्ण्यात ठेव तुले पाह्यजे तेवढा. मले मिक्सरच्या रेकॉर्ड आउटमधून बिनइकोचा दे.”

“मंग तसं सांगा ना पह्यलेच!”

बऱ्याच मिक्सरवर हे जमतं, फक्त वायर कुठून घ्यायची ते त्या पोराला माहीत असावं लागतं. त्याला चहा पाजून विचारा, तो मनापासून मदत करतो.

दुसरं, फाटलेला आवाज. रेकॉर्डिंगची पातळी जास्त ठेवली की थापेची टोकं सपाट कापली जातात. क्लिप फिक्स नावाचा इफेक्ट ती टोकं अंदाजाने पुन्हा जोडतो. चार-पाच ठिकाणी फाटलं असेल तर छान काम करतो, तेवढाच भाग निवडून चालवावा. पूर्ण रात्रच फाटली असेल तर त्याला देवही जोडू शकत नाही. म्हणून रेकॉर्ड करताना सगळ्यात मोठी थाप उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं पाहावं. आवाज लहान वाटतो, पण लहान आवाज नंतर मोठा करता येतो.

तिसरं, मोबाईल. बहुतेक मोबाईल आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करतात. थाप पडली की ते सगळंच दाबतात आणि हळूहळू पुन्हा वर आणतात. मग बुवांचा आवाज खंजिरीच्या तालावर श्वास घेतल्यासारखा वर-खाली होतो. हे दुरुस्त होत नाही. मोबाईलच वापरायचा असेल तर ही आपोआपची सोय बंद करता येणारं अ‍ॅप घ्या आणि फाइल डब्ल्यूएव्हीमध्ये, म्हणजे आवाज न दाबता, साठवा. लहानसा हातातला रेकॉर्डर मिळाला तर सोन्याहून पिवळं. बुवांपासून दोन हात पुढे, कर्ण्यांकडे पाठ करून, स्टँडवर.

मला सगळ्यात चांगला निकाल मिळाला तो दोन रेकॉर्डिंग एकत्र करून. मिक्सरमधून घेतलेल्यात गळा आणि पेटी स्वच्छ, पण खंजिरी दबलेली आणि झील जवळजवळ नाही. समोर ठेवलेल्या रेकॉर्डरमध्ये खंजिरी, झील, टाळ्या, सगळा मंडप. ऑडॅसिटीत दोन्ही ट्रॅक एकाखाली एक ठेवायचे आणि सरकवून जुळवायचे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे रेकॉर्डर १० मीटर दूर असेल तर त्यात आवाज जवळजवळ ०.०३ सेकंद उशिरा येतो. एवढा फरक राहिला तरी दुहेरी ऐकू येतं. जुळवायला खंजिरीची पहिली थाप शोधायची, चित्र मोठं करायचं आणि दोन्ही टोकं एका रेषेत आणायची. दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत, तासाभरात ती हळूहळू सरकतात. म्हणून प्रत्येक भजन वेगळं कापून वेगळं जुळवावं. कंटाळवाणं काम आहे खरं, पण झील गळ्यावर बरोबर येऊन बसते तेव्हा अंगावर काटा येतो.

आता माणसांचे आवाज. महिला मंडळाच्या रेकॉर्डिंगमध्ये एक लेकरू मधून मधून रडत होतं. त्यातली एक बाई म्हणाली, “भाऊ, थे लेकराचं रडणं काढून टाका.” दुसरी लगेच म्हणाली, “काहून काढता? माहा नातू आहे थो.” मी दोघींचं ऐकून एन्व्हलप टूलने रडणं थोडं खाली घेतलं. हे साधन फार उपयोगाचं आहे: आवाजाच्या रेघेवर टिंब ठेवून हवा तेवढा भाग दाबता किंवा उचलता येतो, आणि मूळ आवाज तसाच राहतो, मन बदललं तर टिंब काढून टाकता येतं. जयजयकार, टाळ्या, बुवांनी भजनाआधी सांगितलेले चार शब्द, हे मी कधीच कापत नाही. जयजयकार फार मोठा आला तर एन्व्हलपने ३-४ डेसिबल खाली. सायलेन्स कापणारा ट्रंकेट सायलेन्स हा इफेक्ट भजनावर चालवूच नये. बुवा दोन कडव्यांच्या मध्ये थांबतात ते विचार करून थांबतात.

सॉफ्टवेअरबद्दल माझ्या तक्रारीही आहेत. नॉइज रिडक्शन फाइलवर कायमचं लागतं; दहा पावलं पुढे गेल्यावर तेवढंच एक काढता येत नाही, सगळी पावलं मागे घ्यावी लागतात. म्हणून मूळ फाइलची प्रत पेनड्राइव्हवर वेगळी ठेवल्याशिवाय कामाला बसू नका. जागाही फार खातं. स्टिरिओ डब्ल्यूएव्ही मिनिटाला साधारण १० एमबी, म्हणजे तासाला ६०० एमबी. ऑडॅसिटी आत ती दुप्पट करून धरतं आणि प्रत्येक इफेक्टची मागची प्रतही सांभाळतं. रात्रभराचं जागरण एकाच प्रोजेक्टमध्ये घेतलं तर माझा लॅपटॉप हात टेकतो. तासा-तासाचे तुकडे करून घ्यावेत. पूर्वी प्रोजेक्टसोबत शेकडो बारीक फाइलींचं फोल्डर असायचं आणि ते हलवताना हमखास काहीतरी मागे राहायचं. २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून सगळं एकाच फाइलीत येतं, ही फार मोठी सोय झाली.

एका बटणावर साफ करून देणाऱ्या एआयच्या साइटी निघाल्या आहेत. बोलण्यासाठी ठीक. भजन टाकलं तर त्या खंजिरीला, टाळाला, झिलेला गोंगाट समजतात आणि बुवा एकटेच पोकळीत गाताना ऐकू येतात. इंटेलने ऑडॅसिटीसाठी फुकट दिलेली ओपनव्हिनो ही जोड थोडी वेगळी आहे, ती गळा, ताल, बास आणि बाकीचं असे चार ट्रॅक वेगळे काढून देते. गळा थोडासा वर आणायला मी तिचा उपयोग करतो आणि बाकीचे तिन्ही ट्रॅक जसेच्या तसे परत मिसळतो. जुन्या लॅपटॉपवर ती फार वेळ घेते. रात्री लावून झोपावं.

जुन्या कॅसेटी असतील तर त्याही याच पद्धतीने साफ होतात, फक्त आधी टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटने पुसा. धुळकट हेडमुळे वरचे, तार सप्तकातले सूर गेले तर ते कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाहीत. नमुना कॅसेटच्याच सुरुवातीच्या रिकाम्या भागातून घ्यायचा. पट्टी थोडी चढलेली असेल तर पेटीवर सा धरून चेंज स्पीड अँड पिचने खाली आणा.

काम संपलं की प्रत्येक भजनाच्या सुरुवातीला कंट्रोल आणि बी दाबून लेबल लावा आणि त्यात भजनाचा पहिला शब्द लिहा. एक्सपोर्ट करताना लेबलाप्रमाणे वेगवेगळ्या फाइली काढता येतात. आवाजाची पातळी सगळ्या भजनांना सारखी हवी म्हणून लाउडनेस नॉर्मलायझेशन उणे १६ वर. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, व्हिडिओत घालून पाठवली तर पुन्हा आवाज दाबला जातो. आणि गावासाठी एक प्रत मेमरी कार्डवर एमपीथ्री करून द्या, कारण आमच्याकडे अर्धे लोक ही भजनं ट्रॅक्टरवरच्या कार्डवाल्या स्पीकरवर, कापूस वेचताना ऐकतात, आणि तिथे डब्ल्यूएव्ही चालतेच असं नाही.